पोरं इंग्रजीच्या तासाला गप्प का बसतात?

राम राम मंडळी. आज थेट मुद्द्यावर येते, कारण बऱ्याच शिक्षकांचं एकच म्हणणं असतं की मॅडम, आमची पोरं इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडत नाहीत, त्यांना इंटरेस्टच नाही. मी स्वतः जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या एका गावात आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते आणि मला आता पक्कं वाटतं की इंटरेस्ट नाही हे निदानच चुकतंय. पोराला लाज वाटते. कंटाळा आणि लाज बाहेरून सारखीच दिसते, मान खाली, नजर वहीत, पण दोघांचं औषध वेगळं आहे.

ही लाज येते कुठून ते बघा. आपल्याकडचं लेकरू घरी अहिराणी बोलतं, रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी. शाळेत येऊन ते "माले येत नही" म्हणालं की कोणी हसतं, कोणी म्हणतं नीट बोल, "मला येत नाही" असं म्हण. म्हणजे इंग्रजीच्या आधी मराठीच्याच तासाला ते एकदा गप्प झालेलं असतं. ज्या मातीतल्या बोलीत बहिणाबाईंनी ओव्या रचल्या तिथल्याच लेकराला त्याच्या बोलीवरून हसतात, याचा मला खरंच राग येतो. आणि 2000 सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासूनच आहे, आधी ते पाचवीत सुरू व्हायचं, त्यामुळे सहा वर्षांच्या पोरापुढे दोन नव्या भाषा एकदमच येतात आणि दोन्हीकडे चुकलं की हसतात एवढं मात्र ते लगेच शिकतं.

स्टीफन क्रॅशन म्हणून भाषेचे अभ्यासक आहेत, त्यांनी 1980च्या दशकात 'अफेक्टिव्ह फिल्टर'ची कल्पना सगळीकडे पोचवली, म्हणजे मनात भीती असली की भाषा कानावर पडते पण आत मुरत नाही. आपल्या शेतातलं सांगायचं तर ठिबकची नळी चोक झालीय आणि आपण मोटर वाढवतोय, अजून होमवर्क, अजून दहा वेळा स्पेलिंग लिही. नळी आधी साफ करा ना.

माझ्याकडूनही हे झालंय, ते सांगते. सुरुवातीची वर्षं मी बाकांच्या ओळीने एकेकाला उभं करून वाचायला लावायचे. एक मुलगी होती, तिचा नंबर लांब असतानाच तिचे कान लाल व्हायचे, बोटाने बाक मोजून आपल्या वाट्याला कोणतं वाक्य येणार ते ती शोधायची आणि तेवढं एकच वाक्य पुटपुटत बसायची. तिच्या आधीच्यांनी काय वाचलं ते तिच्या कानावरही जात नसणार. मी वर्षभर समजत होते की हिचं लक्ष नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग मी काय बदललं? पहिलं म्हणजे थांबायला लागले. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग तपासली होती, त्यांचं काम 1970च्या दशकात गाजलं, त्यात दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तेच 3 सेकंद थांबले तर उत्तरं मोठी येतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. आपल्या पोराने तर प्रश्न इंग्रजीत ऐकायचा, मराठीत आणायचा, अहिराणीत विचार करायचा आणि त्याच वाटेने परत यायचं. मी मनात पाच आकडे मोजते. ते फार जड जातात बरं का, वाटतं आपणच उत्तर सांगून मोकळं व्हावं, पण नाही सांगायचं.

आता केळीची गोष्ट. नववीत एक पोरगा शेवटच्या बाकावर, बाप केळी कटाईला जातो, सुट्टीत हाही जातो. एक दिवस मी वर्गात केळीची फणी घेऊन गेले. फळ्यावर लिहिलं, घड म्हणजे बंच, फणी म्हणजे हँड, एक केळ म्हणजे फिंगर. इंग्रजीत खरंच असं म्हणतात. तर हा पोरगा मागून एकदम म्हणतो, "मॅडम, केळीले हात शेतस?" म्हणजे केळीला हात असतात? सगळे हसले, पण त्याला नाही, त्या शब्दाला हसले. मी म्हटलं हेच इंग्रजीत सांग. मी थांबले. तो म्हणाला, "बनाना हॅव हँड." मी चूक दाखवली नाही, फक्त म्हटलं, "येस, बनानाज हॅव हँड्स! हाऊ मेनी हँड्स इन वन बंच?" तर म्हणे, "नाइन, टेन. गुड बंच, टेन." मग कटाई कशी करतात ते विचारलं. "पप्पा कट, आय होल्ड. नो फॉल." घड खाली पडला की माल काळा पडतो, व्यापारी घेत नाही, हे त्याने हातांनी दाखवलं. पहिल्या बाकावरच्या मुली वळून त्याला विचारत होत्या, व्हाय नो फॉल? आणि तो उत्तर देत होता. जळगावच्या केळीला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर चार सोप्या ओळी मी दुसऱ्या दिवशी इंग्रजीत लिहून नेल्या, त्या वाचायला त्याने स्वतः हात वर केला.

चुकांचं असं करायचं, पोरगं काही सांगत असेल तेव्हा ते काय सांगतंय त्याला उत्तर द्या आणि बरोबर वाक्य आपल्या उत्तरात येऊ द्या. व्याकरण नंतर फळ्यावर, नाव न घेता.

"इंग्रजी शिकलास तर नोकरी लागेल" हे मी आता म्हणत नाही. तेराव्या वर्षी नोकरी फार लांब असते. झोल्टान ड्योर्न्येई या भाषा शिकण्याच्या अभ्यासकांनी 2005 साली हेच मांडलं की ती भाषा बोलणारा मी स्वतः डोळ्यांपुढे दिसला पाहिजे. आमची पोरं अमळनेरहून गाडीने सुरतला मामाकडे जातात, म्हणून मी स्टेशनवरची अनाउन्समेंट त्यांनाच करायला लावते, गाडी नंबर, प्लॅटफॉर्म, लेट किती, सगळं. वहीची पुंगळी तोंडाला लावली की लाजरं पोरगंही मोठ्याने बोलतं, कारण ते स्वतः बोलतच नसतं, अनाउन्सर बोलत असतो.

सोमवारी करून बघायचं तर एवढंच करा. प्रश्न विचारा, पाच मोजा, मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्या, अहिराणीत बोलले तरी चालेल, आणि मग विचारा "तुमच्या दोघांचं काय ठरलं?" एकट्याचं उत्तर चुकतं, दोघांचं चुकलं तर तेवढं लागत नाही. आणि हो, पहिला आठवडा वर्गात गलका खूप होतो, शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.