चूक लेथवर कमी, टेबलावर जास्त

[दृश्य: टेबलावर सुटं केलेलं मारुती ८००चं इंजिन]

या इंजिनाचं नाव एफ८बी. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, ६८.५ मिलिमीटर. पहिल्यांदाच फुल इंजिन काम, म्हणजे सगळं उघडून पुन्हा बांधणं, करायचं असेल, तर याच्यावर हात बसतो. बोरिंग (बोअर मोठा करणं) आणि क्रँक ग्राइंडिंग (क्रँक घासून सारखा करणं) लेथवाला करून देतो. बांधणी मात्र आपली, आणि काम बहुतेक वेळा तिथेच बिघडतं.

पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या कॅपा आधी बघू. कॅप रॉडला बोल्टने आवळून मग दोन्हींचं भोक एकत्र कापलेलं असतं. एकाची कॅप दुसऱ्याला लागली, किंवा उलटी बसली, की भोक गोल राहत नाही. क्रँक हाताने फिरवताना अडकला तर नशीब समजा; नाही अडकला तर बेअरिंग काही दिवसांत जातं. म्हणून उघडण्याआधीच रंगाने आकडे घाला.

[दृश्य: बोअरवर फिरणारा पांढरा कपडा]

होनिंग, म्हणजे बोअर दगडाने घासणं; त्यानंतरची धुलाई सगळ्यात जास्त टाळली जाते. रॉकेलने पुसलेला बोअर चकचकीत दिसतो, पण दगडाची कच होनिंगच्या रेषांमध्ये तशीच बसलेली असते. पुढे तीच नव्या रिंगा खाते. गरम पाणी, साबण, ब्रश. वाळवून तेलाचा पांढरा कपडा फिरवा. राखाडी डाग आला की पुन्हा धुवा. चार वेळा धुवावं लागलं तरी धुवा. शेवटी लगेच तेलाचा हात, नाहीतर गंज चढतो.

पिस्टनची रिंग उलट्या पिस्टनने बोअरमध्ये सरळ ढकला आणि फिलर गेजने, म्हणजे मोजलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, तिच्या दोन टोकांमधला गॅप मोजा. ढोबळ हिशेब, २५ मिलिमीटर बोअरला ०.१, म्हणजे इथे साधारण ०.२७. गॅप कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअरला ओरखडे पडतात. पिस्टन ०.५० ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.५० मिलिमीटर मोठा, तर रिंगाही ०.५०च्याच. रिंगेवरची अक्षराची खूण वर.

ब्लॉकवर हेड आवळणाऱ्या बोल्टच्या भोकांत तेल किंवा पाणी साचलेलं नको. बोल्ट आवळताना त्या दाबाने ब्लॉक तडकू शकतो. आवळायचं मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचनेच. ऑइल संप, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, बसवताना सिलिकॉन बेताने. आत ओघळलेला तुकडा सुटून तेल गाळणाऱ्या स्ट्रेनरच्या जाळीवर बसतो.

टायमिंग बेल्टच्या खुणा जुळवा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, खुणा पुन्हा बघा.

आता स्टार्टर. प्लग बाहेर, स्पार्क आणि पेट्रोल बंद. ऑइलचा दिवा विझेपर्यंत, म्हणजे तेलाचा दाब येईपर्यंत, थोडं-थोडं फिरवा. मगच प्लग लावा.