मोलिनांच्या घरातला मधला भाऊ

नमस्कार श्रोतेहो.

कॅरिबियन समुद्रातल्या पोर्टो रिको बेटावर वेगा आल्ता नावाचं एक गाव आहे. तिथे मोलिना नावाचं कुटुंब राहायचं. वडील दिवसभर कारखान्यात राबायचे आणि संध्याकाळी घरासमोरच्या मैदानात पोरांना बेसबॉल शिकवायचे. मुलगे तीन: बेंजी, होसे आणि यादिएर. तिघंही अमेरिकेच्या मेजर लीगपर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेपर्यंत पोहोचले, तिघंही कॅचर झाले आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिची अंतिम लढत, जिंकल्याची अंगठीही तिघांच्या बोटात आली. असं दुसरं घर बेसबॉलमध्ये सापडायचं नाही.

आता बक्षिसांचा हिशेब बघा. मैदानात उत्तम क्षेत्ररक्षण करणाऱ्याला तिकडे 'गोल्ड ग्लोव्ह' देतात. थोरल्या बेंजीला तो दोनदा मिळाला, २००२ आणि २००३ साली. धाकट्या यादिएरला नऊ वेळा. मधल्या होसेला एकदाही नाही. आज मला बोलायचं आहे ते या होसेबद्दल.

बेसबॉल कळत नाही म्हणून रेडिओ बंद करू नका. विकेटकीपर कळतो ना? मग झालं. कॅचर म्हणजे तिकडचा विकेटकीपर, फक्त कामं चौपट. तो फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो. तोंडावर जाळी, छातीला कवच, नडग्यांना पॅड. समोरून साठ फुटांवरून पिचर ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगानं चेंडू फेकतो. चेंडूला टप्पा नाही, थेट ग्लोव्हमध्ये. पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे बहुतेक वेळा कॅचरच सुचवतो. धावपटूला धाव पुरी करायला मैदानातले टप्पे गाठत फिरावं लागतं, त्या टप्प्यांना बेस म्हणतात. कुणी धावपटू चेंडू मारला जायची वाट न बघता दुसऱ्या बेसकडे धावला, म्हणजे बेस चोरायला लागला, तर उठून १२७ फूट लांब चेंडू फेकायचा. चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्यापासून तिकडे पोहोचेपर्यंत दोन सेकंद लागले, तर कामगिरी सर्वसाधारण. दोनच्या आत आला तर त्याचं नाव होतं.

यातलं फेकणं प्रेक्षकाला दिसतं. धूळ उडते, धावपटू घसरत येतो, पंच मूठ आवळून 'आउट' म्हणतो, स्टेडियम उभं राहतं. बक्षिसं वर्षानुवर्षं याच गोष्टीला मिळाली. इव्हान रॉड्रिगेझ नावाचा कॅचर होता, तोही पोर्टो रिकोचाच. बेस चोरू पाहणाऱ्यांपैकी शंभरात सेहेचाळीसच्या आसपास जण त्यानं कारकिर्दीत बाद केले. त्याला तेरा गोल्ड ग्लोव्ह मिळाले, कॅचरमधला हा विक्रम आहे. त्याच्याआधी जॉनी बेंचनं १९६८ ते १९७७ सलग दहा घेतले होते. या दोघांबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्याचा हात तोफेसारखा, त्याचं कौतुक व्हायलाच हवं.

तक्रार आहे ती पारितोषिक ठरवण्याच्या पद्धतीबद्दल. ग्लोव्ह बनवणाऱ्या रॉलिंग्ज कंपनीनं हे बक्षीस १९५७ साली सुरू केलं. मतं देतात संघांचे मॅनेजर आणि प्रशिक्षक. स्वतःच्या खेळाडूला मत द्यायचं नाही, एवढा संयम आहे. पण हे लोक समोरच्या संघाचा कॅचर वर्षात बघतात किती? काही संघांशी जेमतेम आठवडाभर गाठ पडायची, आणि तेव्हाही यांची नजर आपल्या फलंदाजावर. मग मत कशावर द्यायचं? नावावर. एकदा नाव झालं की पुढची काही वर्षं ते नावच बक्षीस घेऊन येतं. १९९९ साली तर कमाल झाली. टेक्सासच्या राफाएल पाल्मेरोला फर्स्ट बेसवरचा सर्वोत्तम क्षेत्ररक्षक म्हणून गोल्ड ग्लोव्ह मिळाला. त्या वर्षी तो त्या जागेवर उभा राहिला होता फक्त २८ सामन्यांत. उरलेल्या सामन्यांत तो नुसती फलंदाजी करायला होता, ग्लोव्ह न घालता! पण बॅट जोरात चालली होती, आधीच्या दोन वर्षांचं बक्षीस नावावर होतं, झालं. लोक अजून हसतात.

आपल्याला हे नवीन नाही. मुंबईचे नरेन ताम्हाणे २१ कसोटी खेळले. स्टंपांमागे त्यांच्यासारखे स्वच्छ हात क्वचितच कुणाचे होते, असं त्यांना बघितलेली जुनी मंडळी सांगत. पण फलंदाजी बेताची. मग कुंदरन आले, फारूख इंजिनीअर आले, बॅट हाणणारे. ग्लोव्हचा न्याय बॅटनं करायची सवय सगळीकडे सारखीच आहे.

आता होसेकडे येऊ. होसे कुणाच्या खिजगणतीत नव्हता. एंजल्स संघात थोरल्या भावाच्या हाताखालचा राखीव कॅचर, मग यांकीजमध्ये राखीव, मग टोरांटोला. फलंदाजी अशी की समोरच्या पिचरला तेवढाच विसावा. २००७-०८ च्या सुमारास मेजर लीगच्या मैदानांवर कॅमेऱ्यांची एक यंत्रणा बसली. प्रत्येक चेंडू प्लेटवरून, म्हणजे फलंदाजासमोर जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटीवरून, नेमका कुठून गेला, याची नोंद व्हायला लागली. आणि २०११ साली माइक फास्ट नावाच्या अभ्यासकानं या नोंदी चाळून एक प्रश्न विचारला. तोच चेंडू, तीच जागा, पण ग्लोव्ह वेगळ्या कॅचरचा असेल, तर पंचाचा निर्णय बदलतो का?

बदलत होता. चांगलाच बदलत होता.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत इथे आहे. फलंदाजानं बॅट फिरवली नाही, तर चेंडू प्लेटवरून, गुडघे ते छाती या पट्ट्यातून गेला की नाही हे पंच ठरवतो. गेला असेल तर स्ट्राइक, नाहीतर बॉल. तीन स्ट्राइकना फलंदाज बाद, चार बॉलना त्याला फुकटचा बेस. प्लेटची रुंदी १७ इंच. चेंडू तिच्या काठाला घासून गेला की नाही, हे पापणी लवायच्या आत ठरवायचं, तेही कॅचरच्या डोक्यावरून वाकून बघत. पंचही माणूसच. शेवटचं त्याला जे दिसतं, ते म्हणजे थांबलेला ग्लोव्ह.

साधा कॅचर खालचा चेंडू कसा पकडतो? ग्लोव्ह वरून खाली नेतो, चेंडू येतो आणि आपल्या जोरानं ग्लोव्हला आणखी दोन इंच खाली ढकलतो. पंचाला दिसतं काय, तर ग्लोव्ह जवळजवळ मातीला टेकलाय. बॉल. होसेचा ग्लोव्ह चेंडूच्या आधीच खाली गेलेला असे आणि वर येता येता चेंडूला भेटत असे. मनगट तिथेच थांबे. आपल्याकडे बाळाला पाळण्यात ठेवताना हात जसा खालून येतो, तसा. ना झटका, ना ओढणं. डोकं हलत नसे, खांदे हलत नसत. पंचाला वाटे, चेंडू तर होता त्याच जागी आहे. स्ट्राइक. हे मी कितीतरी जुन्या चित्रफिती संथ गतीनं पुन्हा पुन्हा लावून बघितलं. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. आणि काहीच दिसत नाही हीच त्यातली कला, हे कळायला मला आठवडा लागला. घरचे म्हणाले, एका माणसानं चेंडू धरलेला किती वेळा बघणार?

या कलेला तिकडे 'फ्रेमिंग' म्हणतात. बॉलचा एक स्ट्राइक झाला, की साधारण एक अष्टमांश धाव वाचते. ऐकायला चिल्लर. पण कॅचरसमोर एका सामन्यात सव्वाशे-दीडशे चेंडू येतात, त्यातल्या अर्ध्याअधिक चेंडूंवर बॅट फिरतच नाही आणि त्यातले काही नेमके काठावरचे. उलट बेस चोरायचा प्रयत्न सामन्यात एखाद-दुसऱ्यांदा. ही चिल्लर वर्षभर साठवा आणि तिची थैली त्या दिमाखदार फेकीपेक्षा जड भरते. हे कळल्यावर टॅम्पाच्या संघानं होसेला बोलावून घेतलं आणि २०१२ पासून, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, हा जन्माचा राखीव माणूस मुख्य कॅचर झाला. बक्षीस तेव्हाही मिळालं नाहीच. फास्टला मात्र ह्यूस्टनच्या संघानं नोकरी दिली.

इथे काही श्रोते म्हणतील, अहो, ही तर पंचाच्या डोळ्यांत धूळफेक! तिला बक्षीस कसलं? प्रश्न रास्त आहे. पण बॉलचा स्ट्राइक करणं हा त्यातला निम्माच भाग. उरलेला निम्मा म्हणजे खरोखरचा स्ट्राइक हातचा जाऊ न देणं. पिचरनं जीव ओतून काठावर टाकलेला चेंडू गबाळ्या कॅचरच्या हातून वाया जातो, तेव्हा धूळफेक कुणी केली म्हणायची?

वाद खरा रंगतो तो कॅन्सस सिटीच्या साल्वाडोर पेरेझवर. दणकट गडी, २०१३ ते २०१६ सलग चार आणि २०१८ साली पाचवा गोल्ड ग्लोव्ह. हात जबरदस्त, हसरा चेहरा, संघाचा लाडका, शिवाय षटकारांसारखे होमरन. फ्रेमिंगच्या तक्त्यात मात्र त्याचं नाव खालच्या बाजूला. मी स्वतः पेरेझचा चाहता आहे, तरी पाचही ग्लोव्ह त्याचेच हे मला मान्य नाही. २०१३ पासून आकड्यांना मतदानात साधारण पाव वाटा मिळालाय, बाकी पाऊण अजून प्रशिक्षकांकडे. पेरेझचं वजन त्या पाऊण वाट्यात होतं.

पण आकडेवाल्यांनाही मी पूर्ण सोडणार नाही. धाकटा यादिएर घ्या. २००४ ते २०२२ एकाच संघात, सेंट लुईस कार्डिनल्सकडून खेळला. हा गुडघे टेकल्या जागेवरून, न उठता, फर्स्ट बेसवर चेंडू फेकायचा. धावपटू दोन पावलं जास्त पुढे गेला असेल, तर बिचारा पोटावर आडवा होऊन परत. एकदोनदा असं झालं की पुढच्यांनी पळायचंच सोडलं. आता सांगा, ज्याच्या गल्लीत चोरच फिरकत नाहीत, त्या गुरख्यानं चोर किती पकडले याची मोजदाद कशी करणार? आणि पिचरचा आज हात कसा चाललाय, समोरचा फलंदाज कशाला बिचकतोय, हे ओळखून पुढचा चेंडू सुचवायचा, त्याचा आकडा तर अजून कुणाला धड काढता आलेला नाही. तिथे प्रशिक्षकाचं मत लागतंच.

मला विचाराल, तर कॅचरपुरता मतदार बदलावा. सगळे कॅचर, सगळं वर्षभर, एका हाताच्या अंतरावरून आणि पक्षपात न करता बघणारी एकच जमात आहे: पंच. त्यांना विचारा. अडचण एवढीच, की ज्याला गंडवलं त्यालाच गंडवणाऱ्याचं नाव विचारायचं. उत्तम फ्रेमिंगवाल्याबद्दल पंच म्हणेल, कोण तो? त्याच्यात काय विशेष, त्याच्या संघाचे पिचर तेवढे अचूक टाकतात!

बॅटच्या जोरावर ग्लोव्ह मिळवण्याचे दिवस मात्र सरत आलेत. २०२५ साली सिॲटलच्या कॅल रॅलेनं ६० होमरन मारले. कॅचरनं एवढे आजवर मारले नव्हते. हा हातानंही काही कच्चा नव्हे, आदल्या वर्षीचा गोल्ड ग्लोव्ह त्याचाच. पाल्मेरोच्या काळात २०२५ चाही घरपोच आला असता. मेजर लीगचे दोन भाग, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग, दोन्हींचं बक्षीस वेगळं. त्या वर्षी अमेरिकन लीगचा गोल्ड ग्लोव्ह गेला डेट्रॉइटच्या डिलन डिंगलरकडे. नॅशनल लीगमध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅट्रिक बेलीनं सलग दुसऱ्यांदा घेतला. बेलीची बॅट यथातथाच, पण फ्रेमिंगमध्ये त्या वर्षी त्याचा हात धरणारा नव्हता. बेलीचं नाव ऐकलं तेव्हा मला होसे आठवला. हाच माणूस दहा-बारा वर्षं उशिरा जन्मला असता तर!

आणि आता या सगळ्या वादाखालची जमीनच सरकतेय. कोरियाच्या लीगमध्ये २०२४ पासून स्ट्राइक-बॉल यंत्रच ठरवतं. तिथे फ्रेमिंगची किंमत शून्य. अमेरिकेनं मधला मार्ग काढला. २०२६ च्या हंगामापासून निर्णय पंचाचाच, पण प्रत्येक संघाला दोन आव्हानं. बरोबर ठरलं तर आव्हान शाबूत, चुकलं तर गेलं. ते करायचा हक्क फक्त फलंदाज, पिचर आणि कॅचर या तिघांना. बाकावरून कुणी खूण करायची नाही. दोनेक सेकंदांत आपल्याच डोक्यावर टपली मारायची, की पडद्यावर चेंडू दिसतो.

म्हणजे कॅचरला आता दोन सोंगं वठवायची आहेत. काठाबाहेरचा चेंडू मख्ख चेहऱ्यानं आतला म्हणून दाखवायचा, आणि आतला असूनही पंचानं नाकारला तर तत्क्षणी टपली मारायची, तीही खात्री असेल तरच.

वर्ल्ड सिरीजचे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होतात. चहा टाकून टीव्ही लावाल, तेव्हा पहिल्या डावात चेंडूकडे बघूच नका. बॅटमागच्या त्या ग्लोव्हकडे बघा. तो चेंडूबरोबर वाहवत जातो, की आधीच तिथे जाऊन बसलेला असतो?

बेंजीला २००२ आणि २००३ साली गोल्ड ग्लोव्ह मिळाला, तेव्हा त्याला दमल्यावर सुट्टी देणारा कॅचर त्याच संघात, त्याच बाकावर बसलेला होता. होसे. त्याच्या हातांकडे बघायची तेव्हा कुणाला गरजच वाटली नव्हती.

नमस्कार.