उजेडात ठेवलेलं दूध

(अंधारी खोली. टेबलावर दोन काचनळ्या.)

दूध नासवून चोथा गाळला, की खाली उरते ती ही निवळी. किंचित पिवळी, किंचित हिरवी. आता अतिनील दिवा लावू.

(दिवा लागतो. नळ्या हिरव्या उजळतात.)

हे रायबोफ्लेव्हिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-2. दुधात ते असतंच, फक्त पांढऱ्या रंगाआड दिसत नाही. कॅमेऱ्यात हा रंग जरा फिका आलाय. समोर उभं राहून पाहिला तर याहून झगझगीत असतो.

एका नळीला अॅल्युमिनियमची पन्नी गुंडाळली. दुसरी तशीच. दोन्ही उन्हात.

(पातेल्यात दूध वर येतं.)

तोवर आचेवरचा आळ काढून टाकू. उकळल्यानं दुधातलं सी घटतं, बी-1 थोडं घटतं. बी-2 मात्र आच सोसतं. त्याला सोसत नाही तो उजेड, त्यातही 400 ते 500 नॅनोमीटरचा निळा-जांभळा. तो शोषला की रेणूची शेपटी तुटते आणि जीवनसत्त्व म्हणून त्याचं काम संपतं. एवढ्यावर भागत नाही. शोषलेली ऊर्जा हाच रेणू जवळच्या ऑक्सिजनला देतो. पेटलेला ऑक्सिजन सी जीवनसत्त्वावर तुटून पडतो, प्रथिनांमधल्या मेथिओनिनलाही सोडत नाही. उन्हातल्या दुधाला जळक्या कोबीसारखा वास येतो, तो इथून.

(दोन तासांनी. पुन्हा तीच अंधारी खोली.)

पन्नीतली नळी ही. आणि ही उघडी.

(काही क्षण निवेदन नाही.)

(दुकानातला काचेच्या दाराचा फ्रिज.)

इथे ऊन नाही. तापमान 4 अंश, म्हणजे जंतूंचा बंदोबस्त झाला. पण बाटल्या पारदर्शक आहेत आणि दिवा त्यांच्यापासून वीतभर अंतरावर. गारव्यानं उजेड अडत नाही. साय काढलेल्या दुधात वरून घातलेलं ए तर आणखी लवकर जातं. दूध छान पांढरं दिसावं म्हणून एवढी सगळी रोषणाई!

(कापलेला खोका, जवळून.)

कागद, प्लास्टिक, मध्ये अॅल्युमिनियमचा पापुद्रा. आत काळोख. विरघळलेला ऑक्सिजन इथेही हळूहळू सी खातो, पण बी-2 शाबूत राहतं.

आहारात बी-2 सतत कमी पडलं तर ओठांचे कोपरे चिरतात, जीभ हुळहुळते.

(रात्र. दुकानाचं शटर खाली येतं. आत फ्रिजचा दिवा चालूच.)