पिन तीन होत्या की चार?

नमस्कार मंडळी. आज मार्करवर बोलायचंय. आपण टेबलटॉप वॉरगेमवाले, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारे लोक रंगकामावर तासन् तास बोलतो, कुठल्या तुकड्या घ्यायच्या त्या यादीवर, आर्मी लिस्टवर तर रात्र रात्र जागतो, पण युनिटच्या शेजारी जे छोटंसं काहीतरी ठेवतो ना, ही पलटण विस्कळीत झालीये, हा रणगाडा बंद पडलाय, ह्या तुकडीने ह्या टर्नला गोळीबार केलाय हे सांगायला, त्याच्यावर कोणी मिनिटभर बोलत नाही, हाताला येईल ते उचलतो आणि ठेवतो. मी मात्र आजचा सगळा वेळ त्यालाच देणार आहे, कारण चांगले चांगले गेम मी तिथेच फिसकटलेले बघितलेत.

एक प्रसंग सांगतो. बोल्ट अ‍ॅक्शन चालू होता, दुसऱ्या महायुद्धाचा गेम, २८ मिलिमीटरचे सैनिक. माझी दहा जणांची रेग्युलर, म्हणजे साधारण दर्जाची, तुकडी एका कुंपणामागे अडकलेली. आता ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ह्यात युनिटवर मारा झाला की त्याला पिन लागते, आणि पिन असलेल्या युनिटला हुकूम द्यायचा तर दोन डाइस टाकून बेरीज त्याच्या मोरलएवढी, म्हणजे धीराच्या आकड्याएवढी, किंवा कमी यावी लागते, आणि प्रत्येक पिनला मोरल एकने कमी धरायचं. रेग्युलरचं मोरल ९. पिन आम्ही साध्या सहा बाजूंच्या डाइसने दाखवत होतो, तीन पिन असल्या की तीन वर करून ठेवायचा. मित्राने पलीकडची मोजायची टेप घ्यायला हात लांब केला, शर्टाची बाही लागली आणि डाइस कलंडला. तो म्हणाला चार होत्या, मी म्हणालो तीन. आणि आम्ही दोघंही खरं बोलत होतो, म्हणजे दोघांनाही आपापलं अगदी पक्कं आठवत होतं.

आता तुम्ही म्हणाल एका पिनने काय होतं. हिशोब करून बघा. दोन डाइसचे ३६ प्रकार होतात. तीन पिन असतील तर ६ किंवा कमी हवेत, त्याचे १५ प्रकार, म्हणजे साधारण ४२ टक्के. चार पिन असतील तर ५ किंवा कमी, त्याचे फक्त १० प्रकार, २८ टक्क्यांच्या आत. बाहीच्या एका धक्क्याने इतका फरक पडला. शेवटी नाणं उडवलं आणि पुढे गेलो, पण त्यानंतर प्रत्येक टर्नला आम्ही एकमेकांच्या हाताकडे बघत होतो. पंधरा वर्षांची मैत्री आहे आमची, आणि तरी बघत होतो. मला ते फार लागलं, आणि तिथून मी मार्करचा गांभीर्याने विचार करायला लागलो.

त्या दिवशी मी स्वतःला एक नियम घालून घेतला तो आजपर्यंत मोडला नाही, जो डाइस आपण टाकतो तो टेबलावर मार्कर म्हणून ठेवायचा नाही. कलंडतो हे एक झालंच, पण त्याहून वाईट म्हणजे कोणीतरी तो न बघता उचलतो आणि मूठभर डाइसबरोबर टाकून देतो, मग माहिती गेली ती गेलीच. डाइसच वापरायचे असतील तर ५ किंवा ७ मिलिमीटरचे बारके घ्या, रंग वेगळा घ्या, आणि बेसच्या, म्हणजे सैनिक ज्यावर चिकटवलेले असतात त्या पट्टीच्या, मागच्या कडेला एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या पातळ बोर्डाची) चौकोनी खाच करून त्यात बसवा. खाचेत बसलेला डाइस धक्का लागला तरी फिरत नाही आणि युनिट हलवलं की आपोआप बरोबर जातो.

आणि बरोबर जाणं ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण मार्कर निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की ही अवस्था किती वेळ टिकणारे? ब्लॅक पावडर घ्या, २००९ साली आलेला, बंदुकीच्या दारूच्या काळातल्या लढायांचा गेम. त्यात दोन गोष्टी सांभाळायच्या असतात, एक कॅज्युअल्टी, म्हणजे नुकसान, आणि साधारण पायदळाचा स्टॅमिना (सोसायची ताकद) ३ असतो म्हणजे तीन झाल्या की पलटण शेकन, म्हणजे खचलेली, आणि दुसरी डिसऑर्डर, म्हणजे पलटण विस्कळीत होणं. कॅज्युअल्टी साचत जाते, युनिटबरोबर टेबलभर फिरते. डिसऑर्डर लागते आणि आपल्या टर्नच्या शेवटी निघून जाते. ह्या दोन्हींना एकच प्रकारची काचेची गोटी ठेवणारे लोक मी बघितलेत, एक लाल एक निळी, आणि दोन तासांनी निळ्या गोट्या जिथे पलटण आधी उभी होती तिथेच पडलेल्या असतात आणि कोणाला कळत नाही त्या कोणाच्या. जी अवस्था टिकते ती बेसला चिकटलेली हवी, आणि जी लगेच जाते ती सुटी आणि थोडी अडचणीचीच हवी, समोर आडवी ठेवा, म्हणजे टर्न संपला की ती उचलायची आठवण हातालाच होते.

बोल्ट अ‍ॅक्शनचे ऑर्डर डाइस मला ह्या बाबतीत फार आवडतात. प्रत्येक युनिटमागे एक डाइस, सगळे एका पिशवीत, ज्याचा रंग निघेल त्याने एका युनिटला हुकूम द्यायचा आणि तोच डाइस हुकमाची बाजू वर करून तिथेच ठेवायचा, फायर, अ‍ॅडव्हान्स, रन, अ‍ॅम्बुश, रॅली, डाउन. म्हणजे हुकूमही तोच, ह्याचं काम झालंय ही खूणही तीच, आणि टर्न संपला की सगळे परत पिशवीत, अ‍ॅम्बुश किंवा डाउन चालू ठेवायचं असेल तेवढेच राहतात. वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही, कारण डाइस पिशवीत गेल्याशिवाय पुढचा टर्न सुरूच होत नाही. बॅटलटेक ह्या गेमवाले मेकशेजारी, म्हणजे माणूस चालवतो त्या अजस्र यंत्रमानवाशेजारी, डाइस ठेवतात तोही असाच विचार आहे, आकडा म्हणजे त्या मेकला मारणं किती अवघड झालंय, आणि रंग म्हणजे तो कसा हलला, चालला तर पांढरा, धावला तर काळा, जंप मारली तर लाल. पुढच्या टर्नला तो परत हलतोच त्यामुळे शिळी माहिती टेबलावर राहत नाही.

आणि ज्यांना हे काहीच नको असेल त्यांच्यासाठी १९९० साली आलेला डीबीए हा जुन्या काळातल्या लढायांचा गेम आहेच, प्रत्येकी बारा एलिमेंट, म्हणजे तुकड्या, लढाईत एलिमेंट मागे सरकतं, पळतं किंवा उचललं जातं, मधली जखमी अवस्थाच नाही. टेबल इतकं स्वच्छ दिसतं की बघत राहावं. पण पलटण हळूहळू ढासळत जातेय हे बघण्यातली धाकधूक मला हवी असते, म्हणून मी मार्कर सोडत नाही.

आता सामान. परदेशातून अ‍ॅक्रेलिकची टोकन मागवायची तर टोकनपेक्षा कुरियरच महाग पडतं, म्हणून मी बांगड्यांच्या दुकानात जातो. टिकल्या! वेलवेटच्या टिकल्यांचं पाकीट, गोल, लांबट, चंद्रकोर सगळं मिळतं, आणि बेसच्या कडेला लावली की पडत नाही, सरकत नाही, पलीकडूनही दिसते. एकच काळजी, टिकली थेट रंगवलेल्या बेसवर लावू नका, उन्हाळ्यात गोंद वितळून चिकटा राहतो आणि काढताना खालचा रंग उपटून येतो, माझ्या दोन पलटणींच्या कडा अशा खराब झाल्यात. जुन्या एटीएम कार्डाची बारीक पट्टी कापून बेसच्या मागे कायमची चिकटवा आणि टिकली त्या पट्टीवर लावा.

मी आकारांवर जोर देतो त्याला कारण आहे. आमच्यात एकाला लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही, आणि हे दुर्मिळ नाहीये हो, ही गोष्ट एक्स क्रोमोसोमवरून येते त्यामुळे पुरुषांमध्ये बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळते, आणि आपल्या टेबलाभोवती पुरुषच जास्त असतात. तो दोन वर्षं न बोलता अंदाजाने खेळत होता. कळलं तेव्हा मला वाईट वाटलं. तेव्हापासून आमच्याकडे गोल म्हणजे कॅज्युअल्टी, लांबट म्हणजे शेकन, रंग कुठलाही असो. चंद्रकोर सेनापतीजवळच्या राखीव तुकडीला.

कापसाच्या धुराबद्दल दोन शब्द, पूजेच्या वातींचा कापूस घेऊन खालून करड्या रंगाचा हात दिला की जळणारा रणगाडा सुंदर दिसतो, फोटोत तर फारच. पण कापसाने फक्त झालंय की नाही एवढंच दाखवता येतं, त्याने मोजायला जाऊ नका.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर बोलायला उभा राहिलो तिकडे येतो. इथपर्यंत मी धरून चाललोय की मार्कर दोघांनाही सारखाच दिसायला हवा. असईची लढाई मांडताना मला कळलं की हे नेहमी खरं नसतं.

२३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यातलं असई, केळणा नदीचा काठ. एका बाजूला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं, दुसऱ्या बाजूला शिंदे आणि भोसल्यांचं कितीतरी मोठं सैन्य, त्यात शिंद्यांच्या नोकरीतल्या पोहलमन ह्या युरोपियन अधिकाऱ्याच्या हाताखालच्या कवायती पलटणी आणि शंभराच्या घरात तोफा. इंग्रजांची लाइन तोफांवर चालून आली, मोठं नुकसान सोसून तोफांपर्यंत पोचली, तोफा चालवणारे गोलंदाज पडले, आणि लाइन त्यांना ओलांडून पुढे पायदळावर गेली. आणि मग मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठले, तोफा उलट्या फिरवल्या आणि पुढे गेलेल्या इंग्रजांवर मागून मारा सुरू केला. वेलस्लीला ७८वी हायलँडर्स ही स्कॉटिश पायदळ रेजिमेंट आणि ७वी देशी घोडदळ रेजिमेंट घेऊन त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्यायला मागे यावं लागलं. त्या दिवशी इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून सोळाशेच्या जवळपास जातात. त्या गोलंदाजांबद्दल मला किती आदर वाटतो हे सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, अंगावरून सैन्य जात असताना निपचित पडून राहायचं आणि मग परत तोफेवर उभं राहायचं.

हे टेबलावर कसं दाखवणार? बहुतेक रूलबुकमध्ये तोफखाना एक तर चालू असतो नाहीतर संपलेला. मी पहिल्यांदा वेगळा मार्कर केला, पडलेले पण जिवंत, लाल कडेचा. साहजिकच समोरच्याने तो बघितला आणि थांबून प्रत्येक तोफ नीट संपवूनच पुढे गेला, म्हणजे जे वेलस्लीला माहीत नव्हतं ते माझ्या मार्करने त्याला सांगून टाकलं. तेव्हा मला राइसवित्झ आठवला, प्रशियातला लेफ्टनंट, ज्याने १८२४ साली क्रीगश्पीलचे, म्हणजे अधिकाऱ्यांनी खेळायच्या युद्धखेळाचे, नियम काढले. त्याच्या खेळात नुकसानीचा हिशोब पंच ठेवायचा. खेळणाऱ्या अधिकाऱ्याला तेवढंच कळायचं जेवढं रणांगणावरच्या अधिकाऱ्याला कळलं असतं. म्हणजे मार्कर निवडताना दुसरा प्रश्न असा विचारायचा, हे कोणाला माहीत असायला हवं?

आमच्याकडे पंच नव्हता, चिंचोके होते. लहानपणी पटावर दान टाकायला चिंचोके मधोमध फोडून घ्यायचो ते आठवतात ना, एक बाजू काळपट तपकिरी, दुसरी पांढरी आणि सपाट. तेच केलं. भिंतीला घासून पांढरी बाजू गुळगुळीत केली, अर्ध्यांच्या पांढऱ्या बाजूवर शाईचा ठिपका दिला, अर्धे कोरे ठेवले. तोफखाना पडला की सगळीकडे एकसारखाच, आडव्या पडलेल्या गोलंदाजांचा बेस, आणि त्यावर मराठ्यांकडून खेळणारा पिशवीतून एक चिंचोका काढतो, एकटा बघतो, आणि काळी बाजू वर करून ठेवतो. ठिपका म्हणजे माणसं जिवंत. इंग्रजांकडच्याला तपासायचं असेल तर तपासू दे, पण त्यासाठी पलटणीचा एक टर्न तिथे थांबून घालवायचा, आणि समोर पोहलमनच्या पलटणी तर उभ्याच. चिंचोका सपाट असल्याने बाहीने उलटत नाही, तेही तपासून घेतलंय.

पहिल्यांदा खेळलो तेव्हा माझा तोच मित्र, पिनवाला, वेलस्ली होता. त्याने माझे तीन तोफखाने घेतले, एक तपासला, कोरा निघाला, मग बाकीचे दोन तसेच ओलांडून पुढे गेला. दोन टर्न मी गप्प बसलो. तिसऱ्या टर्नला मधल्या बेसवरचा चिंचोका उलटा केला, पांढऱ्यावर ठिपका, आणि तोफा फिरवल्या. तो वाकला, चिंचोक्याकडे नीट बघितलं, एक शब्द बोलला नाही, टेप उचलली आणि ७८वीपासून तोफांपर्यंतचं मागचं अंतर मोजायला लागला.