नांदी होते, दौरा होत नाही

[दृश्य: नाशिक, शालिमार. कालिदास कलामंदिराबाहेर लावलेले नाटकांचे फलक.]

या फलकांवर जरा नजर टाका. विनोदी नाटक आहे, रहस्यनाट्य आहे, मालिकेतल्या ओळखीच्या चेहऱ्यांचं कौटुंबिक नाटक आहे. पुण्यात नव्याने उभं राहिलेलं, कौतुकाचे रकाने मिळवलेलं जुनं संगीत नाटक मात्र इथे शोधावं लागतं. आलंच तर एखादा प्रयोग. पुढे नगर नाही, जळगाव नाही, धुळं तर विचारूच नका. मुंबई-पुण्यात मोजके प्रयोग, एखादा महोत्सव, आणि कपडेपट परत पेटाऱ्यात.

असं का होतं, असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं. प्रेक्षक नाहीत म्हणे. नाशिककरांनी तरी हे निमूट ऐकून घेऊ नये.

[दृश्य: जुन्या नाशिकची कृष्णधवल छायाचित्रं.]

२१ डिसेंबर १९०९. नाशिकचं विजयानंद नाट्यगृह. कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली, त्याच्या निरोपासाठी प्रयोग लावलेला. तिथेच अनंत कान्हेरेंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्या रात्री नाटक कुठलं होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. ते होतं गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा', आणि ते करत होती किर्लोस्कर नाटक मंडळी. साहेबाला निरोप द्यायचा, तर गावाला संगीत नाटकच सुचलं.

त्या काळच्या कंपन्या आपण आज म्हणतो तसा दौरा करत नसत. त्या मुक्काम करत. सामान आगगाडीने यायचं, गावात बिऱ्हाड पडायचं, आचारी बरोबर, नट पगारावर. आज 'सौभद्र', दोन दिवसांनी 'मृच्छकटिक', शनिवारी 'शारदा'. पडदे तेच, साथीदार तेच, गळेही तेच. प्रवासाचा खर्च एकदाच पडायचा आणि त्यावर खेळ अनेक व्हायचे. गावातला एकच शौकीन तीन वेळा तिकीट काढायचा, कारण दर वेळी नाटक नवं असायचं.

आता हे सगळं एका रात्रीत बसवायचं असतं. सकाळी मुंबईहून बस निघते, मागे सेटचा टेम्पो. कसारा घाट चढून दुपारपर्यंत नाशिक. सेट लावायचा, प्रकाशयोजना बघायची, माईक तपासायचे, रात्री प्रयोग, आणि पडदा पडला की सेट उतरवून पुन्हा घाटातून खाली. पाच पात्रांचं, एका दिवाणखान्यात घडणारं गद्य नाटक हे सहज करतं. त्याच बसमध्ये संगीत नाटक बसवून बघा. पात्रं दुप्पट, वेश जरतारी, पडदे निराळे आणि शिवाय साथसंगत. प्रत्येकाची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, वेगळी, जेवण वेगळं, झोपायची सोय वेगळी. तिकीट वाढवावं म्हटलं तर पाचशे रुपयांपर्यंतच जीएसटी माफ आहे, त्यावर गेलं की कर लागतो. त्यामुळे निर्मात्याचा हात पाचशेपाशीच अडतो. नाट्यगृह भरलं तरी हिशेब जुळेलच असं नाही, आणि 'हाऊसफुल्ल'चा फलक लागलेल्या नाटकाचा पुढचा प्रयोग का होत नाही, हे कोडं इथेच सुटतं.

[दृश्य: रंगमंचाची कड. ऑर्गनवरचं कापड बाजूला होतंय.]

हा ऑर्गन. दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं, असं हे लाकडी धूड. परदेशातून आलेली ही वाद्यं. ती बनवणारे बहुतेक कारखाने गेल्या शतकातच बंद पडले. जे ऑर्गन आज वाजतात ते जुनेच, पुन:पुन्हा दुरुस्त केलेले. टेम्पोत चढवायला चार माणसं लागतात. घाटातले हादरे खाऊन आला की एखादी रीड अडकते, एक सूर बोलेनासा होतो, आणि तो सूर नेमका नांदीत लागणारा असतो. दुरुस्त करणारे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ते काही बसमध्ये बसून येत नाहीत.

म्हणून हल्ली कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावतात. चालतं. दौऱ्यासाठी तेच शहाणपणाचं आहे, हेही मान्य. त्याही पुढे जाऊन कुणी ध्वनिमुद्रित ट्रॅकचा पर्याय सुचवतं, तिथे मात्र माझं जमत नाही. गाणारा एखाद्या जागेवर रमला, चार आवर्तनं जास्त घ्यावीशी वाटली, तर साथीदार त्याच्या मागे जातो. ट्रॅक थांबत नाही. ट्रॅकवर नाट्यपद म्हणता येतं, वन्समोर घेता येत नाही.

तबलजीकडे बघा. पुढ्यात एक तबला नाही, तीन-चार आहेत. नायक काळी एकच्या सुरात गाणार, नायिका काळी चारच्या. पद संपून संवाद सुरू झाले की तो वाकून तबला बदलतो, हातोडीने तबल्याच्या कडेच्या गजऱ्यावर एक हलका ठोका देतो, बोटाच्या पेराने चाटेवर सूर ऐकतो, पुन्हा एक ठोका. नाट्यगृहातला एसी आणि वरचे तापलेले दिवे यांच्यामध्ये कातड्याचा सूर हलत राहतो, त्यामुळे हे काम तीन तास चालूच. प्रेक्षकाला यातलं काही दिसत नाही, आणि दिसू नये हीच तर कसरत.

पण दौरा खरा अडतो तो गळ्यापाशी.

गद्य नाटकातला नट आजारी पडला तर दुसरा उभा करता येतो. आठ दिवसांत पाठांतर होतं, तालमी होतात, गाडी पुढे जाते. संगीत नाटकातल्या नायकाला बदली मिळत नाही. त्याला अभिनय यायला हवा, रागदारी यायला हवी, आणि सलग प्रयोगांना आवाज टिकायला हवा. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' १९६७ मध्ये आलं ते वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांसह. त्या नाटकात खाँसाहेब गातात, सदाशिव गातो, उमा आणि झरीनाही गातात. २०१० मध्ये ते पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा खाँसाहेब होते वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. आता तारखांचा विचार करा. इतक्या गाणाऱ्यांच्या मैफिली, परदेशदौरे, कुणाचं मालिकेचं शूटिंग. शुक्रवार ते रविवार सगळे मोकळे, असे आठवडे वर्षात किती सापडणार? आणि सापडले तर मुंबई-पुण्याची नाट्यगृहं ते आधी पळवतात. नाशिक, कोल्हापूर, नागपूर रांगेत.

[दृश्य: गंगापूर रोड, कुसुमाग्रज स्मारक.]

नाशिकसाठी यात आणखी एक गंमत आहे. संगीत नाटकाला साठच्या दशकात जी दुसरी पालवी फुटली, तिचे दोन लेखक याच गावचे. एचपीटी कॉलेजात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' १९६४ चं, वि. वा. शिरवाडकरांचं 'ययाति आणि देवयानी' १९६६ चं. दोन्हींचं संगीत जितेंद्र अभिषेकींचं. ही पदं आजही इथल्या गाण्याच्या क्लासात शिकवली जातात. पण आपल्या कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. शिरवाडकर १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी हवी, आणि संगीताच्या हक्काचा विचार वेगळा करायला हवा. देवल १९१६ मध्ये गेले, 'मानापमान'चे खाडिलकर १९४८ मध्ये. त्यांच्या नाटकांसाठी कुणाला विचारायची गरज नाही. हक्क शाबूत असलेल्या नाटकांची परवानगी मिळत नाही असं नव्हे. पण मोजक्याच प्रयोगांसाठी कोण कागदपत्रांच्या मागे लागणार? फिरून फिरून तीच चार-पाच जुनी नाटकं पुन्हा उभी राहतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग हौशी संस्था राहतात. राज्य शासनाची संगीत नाट्य स्पर्धा असते, तिच्यासाठी बँकेतली, शाळेतली, कारखान्यातली माणसं रात्री तालमी करून जुनी नाटकं जिवंत ठेवतात. स्पर्धेचा प्रयोग होतो, निकाल लागतो, रजा संपतात. दौऱ्याची आशा त्यांच्याकडून धरणं हा अन्याय आहे.

[दृश्य: रिकामा रंगमंच, दोन प्रकाशझोत.]

आणि तरीही एक संगीत नाटक गावोगाव फिरलं. तेही नाशिकच्या माणसाचं. प्राजक्त देशमुख लिखित-दिग्दर्शित 'संगीत देवबाभळी'. तुकोबांची आवली आणि रखुमाई, बस, दोनच पात्रं. २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही त्याला मिळाला. हे पुनरुज्जीवन नाही, नवं नाटक आहे, हे खरं. पण प्रेक्षक संगीत नाटकाला येत नाहीत, हे म्हणणं त्याने खोडून काढलं. दोन पात्रांचा संच एका गाडीत मावतो आणि तारखा दोघींच्याच जुळवायच्या असतात. 'मानापमान' असं दोघींत बसवता येणार नाही, आणि बसवू नये.

जुन्या नाटकाला जुनीच रीत द्यावी लागेल. मुक्कामाची. कालिदासच्या सलग तीन तारखा एकाच संस्थेला. शुक्रवारी रात्री 'संशयकल्लोळ', शनिवारी 'सौभद्र', रविवारी सकाळी पुन्हा 'संशयकल्लोळ'. ऑर्गन एकदाच टेम्पोतून उतरेल, तबलजी आणि ऑर्गनवादक शक्य तर नाशिकचेच, आधी दोन तालमी करून तयार. एक अडचण उरते. आठवड्याच्या शेवटच्या तिन्ही तारखा एकाला दिल्या, तर बाकीचे निर्माते महापालिकेच्या दारात उभे राहतील, आणि त्यांचंही चुकीचं म्हणता येणार नाही. वर्षातून दोनदा तरी त्यांना समजवावं लागेल.