आजीने गाडी पाहिली

मंडळी, नमस्कार. मला सात मिनिटं दिली आहेत आणि मागे वडे तळायला घेतलेत. कुणाचं लक्ष कुठे आहे ते इथून स्वच्छ दिसतंय.

मागच्या रविवारी आपल्या मराठी शाळेत 'मी सुट्टीत काय केले' यावर पाच ओळी लिहायच्या होत्या. एका आठ वर्षांच्या मुलीची वही बाईंनी मला दाखवली. "आजी-आजोबा आले. आम्ही नायगाराला गेलो. मी बोटीत बसले. बाबांनी फोटो काढले. आजीने गाडी पाहिली." बाईंनी लाल पेनाने 'गाडीतून' अशी दुरुस्ती केली. पोरगी म्हणाली, "नाही बाई, गाडीच."

तेव्हापासून ती ओळ डोक्यातून जात नाही.

न्यू जर्सीत आईबाबा उतरले की तीन आठवड्यांत नायगारा, हा आपला कुळाचार. त्यांचा जेट लॅग जायच्या आत आपली एक्सेल शीट तयार असते. आपल्या एडिसन गावापासून साधारण 400 मैल. फोन साडेसहा-सात तास दाखवतो. तो हिशेब न थांबणाऱ्या ड्रायव्हरचा. सत्तरीची माणसं बरोबर असतील तर दर दीड तासाला उतरून दहा मिनिटं चालायचं, म्हणजे चढ-उतार आणि जेवणखाण मिळून नऊ-साडेनऊ तास धरा आणि वाटेत एक मुक्काम करा. आई स्वतःहून "थांब रे" म्हणणार नाही. ती सकाळपासून पाणीच पीत नाही. एस.टी.त लागलेली सवय आहे ती. त्यात बीपीसाठी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर दुपारी चक्कर येते आणि आपण म्हणतो, गाडी लागली. प्रवासाच्या दिवशी ती गोळी कधी घ्यायची, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, रेस्ट एरियात नव्हे.

आता बसायचं कुठे? आपल्या मिनीव्हॅनमध्ये मधल्या रांगेत मुलांच्या सीट्स पक्क्या आवळलेल्या असतात. त्या काढायचा आपल्याला कंटाळा. मग आजी गुडघे पोटाशी घेऊन तिसऱ्या रांगेत. बूस्टरला, म्हणजे मोठ्या मुलांना उंच बसवणाऱ्या बैठकीला, गाडीचा पट्टा पुरतो, तेव्हा बूस्टरवाली मुलं मागे पाठवा आणि मधल्या दोन खुर्च्या म्हाताऱ्यांना द्या. तिथून उतरताना पाऊल थेट जमिनीवर येतं. वीस मिनिटांचं काम आहे, आदल्या रात्री करून टाका.

वाटेत आपण हमखास वॉटकिन्स ग्लेनची धबधब्यांची घळ घालतो, कारण फोटो छान येतात. त्या घळीतल्या वाटेवर 19 धबधबे आहेत आणि 832 पायऱ्या. पुण्याकडच्यांनी हिशेब करावा: पर्वतीच्या 103. म्हणजे आठ पर्वत्या, त्याही ओल्या दगडाच्या! "वरून सोडतो, नुसतं उतरायचंय" हा युक्तिवाद करू नका. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. इथेच आजी मागे थांबून पहिल्यांदा गाडी पाहते. त्यापेक्षा कॉर्निंगचं काचेचं म्युझियम घ्या. सपाट फरशी, बसायला जागा, समोर भट्टीतून काढलेला काचेचा गोळा फुंकून सुरई होताना दिसते. आजोबा तिथून हलत नाहीत.

नायगाराला आपली चूक बोटीत होत नाही. प्रॉस्पेक्ट पॉइंटच्या मनोऱ्यातून लिफ्टने खाली जाता येतं, फेरी सुमारे 20 मिनिटांची, चाकाची खुर्चीही जाते. अडतं रांगेत. जुलैच्या दुपारी तासभर उभं राहायचं म्हटल्यावर आई म्हणते, "तुम्ही जाऊन या." सकाळी उघडताना पहिल्या फेरीला जा. साडी असेल तर निऱ्या घोट्याच्या वर खोचून मगच तो निळा रेनकोट चढवा. भिजलेलं सुती काठपदर जड होतं आणि पायात येतं. धबधब्याच्या पायथ्याशी नेणाऱ्या 'केव्ह ऑफ द विंड्स'ला लिफ्ट 175 फूट खाली नेते, पण पुढे लाकडी जिने आहेत, पाण्याने निसरडे. हिवाळ्यात बर्फाने मोडतील म्हणून ते दरवर्षी काढून वसंतात पुन्हा बांधतात. आईबाबांना तिथे नेऊ नका. गोट आयलंडवर गाडी लावून टेरापिन पॉइंटला न्या. हॉर्सशू धबधबा जिथे कड्यावरून वळतो तिथे कठड्यापाशी उभं राहता येतं. घाई करू नका. तुमचे फोटो दहा मिनिटांत संपतात, त्यांचं बघणं संपत नाही.

घडीची चाकाची खुर्ची डिकीत ठेवाच. बाबा म्हणतील, "मी काय आजारी आहे?" म्हणू द्या. "बॅगा ठेवायला घेतलीय" म्हणायचं. तासाभराने बॅगा त्यांच्या मांडीवर असतात.

वीज मंडळातून निवृत्त झालेले बाबा असतील तर त्यांना नायगाराच्या पाण्याचा अमेरिका-कॅनडातला 1950 चा करार सांगा. पर्यटनाच्या मोसमात दिवसा सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी धबधब्यावरून सोडायचं, रात्री आणि हिवाळ्यात पन्नास हजारांवर आणता येतं. बाकीचं बोगद्यांतून वीजघरांकडे. उन्हाळ्यात ही 'रात्र' दहाला सुरू होते. खाली लुइस्टनला वीजघराचं पॉवर व्हिस्टा हे माहिती केंद्र आहे, फुकट. कोयनेच्या गप्पा सुरू होतील, दोन तास सोडा.

एक धोका. कॅनडाचा व्हिसा नसेल तर कॅनडात जाणाऱ्या रेनबो ब्रिजच्या लेनमध्ये चुकूनही शिरू नका, पुढे वळायला जागा मिळत नाही. सरहद्दीचं गाव आहे. आईबाबांचे मूळ पासपोर्ट आणि आय-94 ची, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीची प्रत जवळ हवी, घरच्या कपाटात नको.

खाण्याचं पटकन. हॉटेलच्या खोलीत फोडणी केली की स्मोक अलार्म वाजतो, आणि ड्रेसिंग गाऊनमध्ये पार्किंगमध्ये उभं राहण्याचा मान आपल्यातल्या अनेकांना मिळालाय. नावं घेत नाही. उपम्यासाठी घरीच 2 वाट्या रवा 4 चमचे तेलात मोहरी, उडीद डाळ, कढीपत्ता, सुकी मिरची घालून खमंग भाजा. हिरवी मिरची नको, ओलाव्याने रवा टिकत नाही. पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा, नाहीतर वाफेचं पाणी सुटतं. हॉटेलात 1 वाटीला 2 वाट्या उकळतं पाणी, मीठ, 8 मिनिटं झाकण. किटली स्वतःची न्या. खोलीतल्या कॉफी मशीनच्या पाण्याचा चहा आईला वासानेच कळतो, ती काही न बोलता कप बाजूला ठेवते.

हे सगळं केलं तरी ती ओळ खोडता येईल का, कुणास ठाऊक. त्या मुलीची आजी ऑक्टोबरच्या मध्याला परत जाते, असं बाई म्हणाल्या. ऑक्टोबरमधल्याच कोलंबस डेच्या लाँग वीकेंडला त्यांच्या घरी पुन्हा कुठेतरी जायचं घाटतंय. आजीला विचारलंय का कुणी? बाईंना माहीत नव्हतं. आणि विचारलं तरी ती काय म्हणणार, ते आपल्याला पाठ आहे: "तुम्ही न्याल तिकडे." त्यानंतर तिला पुढचं काय विचारायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.