रवा धरण्याची वेळ

[दृश्य: दोन बीकर, दोन्ही द्रावणं नितळ]

डावीकडे मिथेनॉलात विरघळवलेलं झिंक नायट्रेट. उजवीकडे, मिथेनॉलातच, २-मिथिलइमिडॅझोल. आता एकात दुसरं ओतायचं.

[दृश्य: द्रावण दुधाळ होत जातं, कट नाही]

शेगडी नाही, दाब नाही. नुसतं ढवळणं. आणि काही मिनिटांत हे असं दूध.

यात तरंगतायत झिफ-८चे स्फटिक. जस्ताचे अणू म्हणजे सांधे, इमिडॅझोलचे रेणू म्हणजे वासे, मधे रिकाम्या खोल्या. एकेका खोलीचं दार जेमतेम ०.३४ नॅनोमीटरचं. अशा धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या चौकटींना मॉफ (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क) म्हणतात. २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना मिळालं. कौतुक झालं ते खोल्यांचं. आम्ही कॅमेरा लावला तो या गढूळपणापाशी, कारण स्फटिक केवढा होणार हे इथेच ठरतं.

[दृश्य: गढूळ द्रावण, जवळून]

घरी लोणी कढवणाऱ्यांना यातलं अर्धं माहीत असतं. तूप सावकाश निवलं तर रवाळ होतं, घाईनं गार केलं तर रवा बारीक पडतो. बीजं, म्हणजे स्फटिकाचे पहिले कण, जितकी जास्त, तितका माल प्रत्येकाच्या वाट्याला कमी. इथे इमिडॅझोल जस्ताच्या आठपट घेतलंय. त्यामुळे एकदम असंख्य बीजं पडतात आणि स्फटिक पन्नासेक नॅनोमीटरच्या आतबाहेर थांबतात.

जर्मनीत हॅनोव्हरच्या संशोधकांनी २०११मध्ये या खेळात तिसरा भिडू आणला: कधी फॉर्मेट, कधी ब्यूटिलअमाईन. भिडू बदलला की आकारमान बदलतं, साधारण १० नॅनोमीटरपासून एका मायक्रोमीटरपर्यंत.

[दृश्य: स्टीलचं ऑटोक्लेव्ह ओव्हनमध्ये, आकडा १२०]

झिर्कोनियमचं प्रकरण मात्र तापट. हा यूआयओ-६६ नावाचा मॉफ, २००८चा. नावातली अक्षरं ऑस्लो विद्यापीठाची. नुसता शिजवला तर दाणे एकमेकांत गुंततात. म्हणून चमचाभर बेंझोइक आम्ल.

[दृश्य: चमच्यातली पांढरी पूड]

यातले वासे टेरेफ्थॅलिक आम्लाचे. त्याला दोन हात, म्हणून ते पूल बांधतं. बेंझोइकला एकच. ते झिर्कोनियम पकडतं, पण पुढे कुणाला जोडू शकत नाही. हळूहळू जागा सोडतं. बीजं कमी पडतात, आणि जी पडतात ती निवांत वाढतात. असाच एकहाती रेणू दुसऱ्या एखाद्या मॉफमध्ये पृष्ठभाग झाकून वाढ रोखतो, म्हणजे नेमकं उलटं. पाककृती सरसकट चालत नाही.

[दृश्य: सेंट्रिफ्यूज थांबतं, नळीच्या तळाशी गाळ]

मोठे स्फटिक क्ष-किरणांनी रचना पाहायला, बारीक गाळणीच्या पडद्यांना आणि औषधं वाहायला.

[दृश्य: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पडदा, प्रतिमा फोकसमध्ये येते]

बेंझोइक न घातलेला नमुना.

[दृश्य: दुसरी प्रतिमा, सुटी अष्टफलकं]

आणि हा घातलेला. कडा बघा.

[निवेदन थांबतं. प्रतिमा दहा सेकंद तशीच]